टिल्लू जेवत नाही! लहान चणीच्या नखरेल कुत्र्याला नक्की काय खायला द्यावं?

खिडकीतली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचा टिल्लू. वय तीन वर्षं, वजन ३.२ किलो. आई पॉमेरेनियन, वडील अज्ञात. अंगाने मूठभर, आवाज घरभर. सगळं छान आहे, फक्त जेवणाच्या नावाने बोंब. गेल्या पाच महिन्यांत पाच प्रकारचं ड्राय फूड आणून झालं. प्रत्येक पिशवीचं पहिले दोन दिवस कौतुक होतं. तिसऱ्या दिवशी साहेब आधी वाडग्याकडे बघतात, मग माझ्याकडे. 'हे तू खाऊन बघितलंयस का?' असा सरळ सवाल असतो त्या नजरेत. कधी एकच दाणा तोंडात धरून पायपुसण्यापर्यंत नेतो, तिथे टाकतो, परत उचलतो, परत टाकतो. मनात आलं तर खातो, नाही तर तसाच सोडून जातो. सकाळी अनवाणी चालताना तो दाणा मला सापडतो.

अंडं, चिकन, चीज दिलं तर मात्र कुठलीच तक्रार नसते.

घरात तीन पक्ष आहेत. नवरा म्हणतो सहावी पिशवी आणू. बाबा म्हणतात घरचंच शिजवून घालू. मी म्हणते भूक लागली की खाईल, आणि अर्ध्या तासाने मीच चिकन घेऊन त्याच्या मागे फिरते. लहान कुत्र्यांसाठी फूड निवडायचं कसं? 'स्मॉल ब्रीड' लिहिलेलंच घ्यावं का? ड्राय, ओलं की घरचं?

उंटावरचा_शहाणा
पाच महिन्यांत पाच पिशव्या? टिल्लूने तुम्हाला फार सुंदर ट्रेन केलंय. त्याचं अभिनंदन कळवा.

भुभुवेडा
ताई, माझा ३४ किलोचा लॅब्रॅडॉर आहे, तो वाडगासुद्धा खायला कमी करणार नाही. तरी अनुभवाचं सांगतो. वाडगा खाली ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, उचलायचा. पुढच्या वेळेपर्यंत काही नाही म्हणजे काही नाही. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. कुत्रा स्वतःला उपाशी मारत नाही. आणि चघळायला काहीतरी कडक द्या, हाड किंवा खूर. दात स्वच्छ राहतात, भूकही वाढते.

घारी
भुभुवेडा, लॅब्रॅडॉरचा नियम ३ किलोच्या जिवाला लावू नका हो. 'वाट्टेल ते खाणारा' आणि 'नाक मुरडणारा' या वेगळ्याच दोन जमाती आहेत.

रानवारा
वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रकार. फरक इतकाच की आमची बाई वाडग्यावर नाकाने अंथरूण ढकलून आणते आणि जेवण झाकून ठेवते. जणू उद्या पाहुणे येणार आहेत.

आकडेमोड
फूड कुठलं याच्या आधी किती लागतं ते बघू. बहुतेक घरांत चूक इथेच होते.

कुत्र्याची पडून राहण्यापुरती ऊर्जेची गरज = ७० × (किलोमधल्या वजनाचा ०.७५ वा घात). घाबरू नका, साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. वजनाचा घन करा आणि त्याचं दोनदा वर्गमूळ काढा. ३.२ चा घन ३२.७७, एकदा वर्गमूळ ५.७२, परत एकदा २.३९. गुणिले ७०, म्हणजे १६७ कॅलरी. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला याच्या साधारण १.६ पट धरतात, फारसा न हलणाऱ्याला १.४ पट. टिल्लूचे झाले दिवसाला २३५ ते २७०. बहुतेक ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात. म्हणजे दिवसभराचं मिळून ६५-७० ग्रॅम, दोन लहान मुठी.

एखाद्या ३० किलोच्या कुत्र्याला हेच गणित लावलं तर पडून राहायला जवळपास ९०० कॅलरी, म्हणजे किलोमागे ३०. टिल्लूला किलोमागे ५२. लहान कुत्र्याची भट्टी जास्त पेटलेली असते, पण पोट एवढंसं. त्यामुळे त्याला कमी घासांत जास्त मिळायला हवं आणि दिवसातून दोन-तीनदा मिळायला हवं.

आता प्रश्न असा : वाडग्याबाहेर टिल्लूच्या पोटात काय काय जातं? सगळं लिहून काढा. खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांत बसवायचा असतो. टिल्लूला २५ कॅलरी, बस्स.

खिडकीतली
आकडेमोड, लिहून काढते. पण फार काही नसेल हो. इवलेइवले तुकडे असतात.

उंटावरचा_शहाणा
'इवलेइवले तुकडे'. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

निवांत
मी घरच्या खाण्याच्या बाजूची, आधीच सांगते. आमच्या चिऊला सहा वर्षं चिकन, भात, गाजर, लाल भोपळा शिजवून घालतेय. केस बघाल तर हेवा वाटेल. पिशवीतल्या त्या गोळ्यांमध्ये काय असतं कुणी बघितलंय? पूर्वी कुठे होतं डॉग फूड? कुत्रे जगतच होते ना? चव यावी म्हणून मी वरून सूपच्या क्यूबचं पाणी घालते, ताट चाटून पुसून स्वच्छ.

शेपूटवैद्य
निवांत, घरच्या खाण्याला माझा विरोध नाही, पण तो सूपचा क्यूब आजपासून बंद करा. त्यात बहुधा कांदा-लसणाची पूड असते आणि मीठ भरपूर. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजलेला, पूड, कुठल्याही रूपात. लहान अंगाला थोडंही पुरतं. पाणीच घालायचं तर चिकन नुसतं उकडा आणि ते पाणी घाला.

(मी पशुवैद्य आहे. इथे लिहिलेलं म्हणजे तपासणी नव्हे, हे नेहमीचं.)

निवांत
सहा वर्षं घालतेय, काही झालं नाही. पण ठीक आहे, बंद करते. क्यूबच्या डबीवर आत्ता बघितलं, तिसऱ्याच नंबरला कांदा पूड आहे. :(

शंभरनंबरी
पूर्वी डॉग फूड नव्हतं यावर एक अवांतर. लंडनमध्ये जेम्स स्प्रॅटने १८६० च्या सुमारास कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, म्हणजे धंदा दीडशे वर्षांहून जुना आहे. आणि त्याआधी कुत्रे माणसाचं उरलंसुरलं खायचे म्हणूनच ते लांडगे राहिले नाहीत. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. त्यामुळे 'कुत्रा म्हणजे छोटा लांडगा, त्याला नुसतं मांस घाला' हेही चूक आणि 'आपल्यातलंच घाला, पचतं सगळं' हेही चूक.

घरच्या खाण्याबद्दल. त्याच वर्षी अमेरिकेतल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या लोकांनी पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या मिळून २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता. पशुवैद्यांनी लिहिलेल्यासुद्धा त्यात होत्या. सगळ्यात सोपी चूक कॅल्शियमची. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसएवढं तरी लागतं. चिकन-भातावर वर्षानुवर्षं ठेवलं तर शरीर ते हाडांतून काढून घेतं, आणि केस चमकत राहतात, त्यामुळे आपल्याला कळतही नाही.

निवांत
चिऊला कॅल्शियमची पूड देते मी. डॉक्टरांनी मोजून दिलेली. तेवढी बुद्धी आहे.

शंभरनंबरी
मग तुम्ही त्या उरलेल्या ५ टक्क्यांत असाल. हलकेच घ्या. खरंच, पोषणाचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून पाककृती घेतली आणि ती 'आज गाजर संपलं, बटाटा चालेल' असं न करता पाळली, तर घरचं उत्तमच.

टिंबटिंब
मध्येच विचारतेय, सॉरी. आमच्याकडे तीन महिन्यांचं चिवावा पिल्लू आलंय, ९०० ग्रॅम. कालपासून नीट खात नाहीये. वरचा वीस मिनिटांचा नियम कालपासून सुरू केलाय. आज सकाळपासून जरा सुस्त आहे. चालेल ना? दोन-तीन दिवसांत रुळावर येईल?

शेपूटवैद्य
टिंबटिंब, नाही! आत्ताच्या आत्ता थांबवा. एवढ्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा जवळपास नसतो, काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर खाली येते. सुस्ती, लटपट, थरथर, मग झटके, असा तो उतार असतो. मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. गिळत नसेल तर तोंडात ओतू नका. आणि लगेच जवळच्या डॉक्टरांकडे निघा. जाताना गुंडाळून ऊबेत ठेवा. उत्तर नंतर लिहा.

भुभुवेडा
अरे देवा. माझा सल्ला मोठ्या, धडधाकट कुत्र्यासाठी होता. लिहायला हवं होतं. पिल्लाचं काय ते कळवा प्लीज.

टिंबटिंब
(चार तासांनी) आलो. साखर खूप खाली गेली होती. सलाइन लावलं, आता उभी राहून बोटं चावतेय. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं, आणि रात्री झोपताना एकदा, असं सांगितलंय. हात थरथरताहेत अजून माझे. धन्यवाद, शेपूटवैद्य.

घारी
हुश्श.

भुभुवेडा
हुश्श. माझी वरची पोस्ट संपादित करतोय. मोठ्या अक्षरांत.

खिडकीतली
टिंबटिंब, पिल्लूला पापा. धाग्याचं सार्थक झालं म्हणायचं, माझं उत्तर मिळो न मिळो.

तर, आकडेमोड. घरातल्या चौघांनी फ्रिजवर कागद लावला आणि दोन दिवस प्रामाणिकपणे लिहिलं. रोजची सरासरी देतेय :

बाबांच्या नाश्त्यातलं अर्धं उकडलेलं अंडं, ४०. चीजचा क्यूब (मी, गुन्हा कबूल), ६५. दातांची म्हणून मिळते ती कांडी, पाकिटावर ३० लिहिलंय. चिकनचे तुकडे ३० ग्रॅम, ५०. लेकाच्या हातातला बिस्किटाचा कोपरा, १५. संध्याकाळी चघळायला खूर, त्याच्या कॅलरी माहीत नाहीत, दातांसाठी चार महिन्यांपासून देतोय.

बेरीज २००. वाडग्यात ठेवलेले आणि उरलेले दाणे वजनकाट्यावर मोजले. १५ ग्रॅम खाल्ले होते, म्हणजे आणखी ५५. एकूण २५५.

मी काही वेळ त्या कागदापुढे उभी राहिले. म्हणजे माझा उपाशी मुलगा रोज पोटभर जेवत होता!

उंटावरचा_शहाणा
रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हला १९०४ चं नोबेल कुत्र्यांच्या पचनाच्या अभ्यासासाठी मिळालं होतं. तुमच्या घरी त्याचा तो घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटण्याचा प्रयोग उलट चाललाय. टिल्लू तोंड फिरवतो आणि चार माणसं फ्रिजकडे धावतात.

पावसाळी
खिक्. कागदाची कल्पना ढापतेय. आमच्याकडे आजी 'मी काही दिलं नाही' म्हणतात आणि कुत्रा त्यांच्या खुर्चीखालून हलत नाही.

आकडेमोड
२५५, आणि गरज २३५ ते २७०. वर्षभर वजन स्थिर आहे ना? मग बरोबर. आता वाईट बातमी. कॅलरी पुरल्या तरी त्यातल्या २०० असमतोल खाण्यातून आल्या. जीवनसत्त्वं, कॅल्शियम, जस्त हे सगळं त्या १५ ग्रॅम दाण्यांनी भागवायचं? तसं होत नाही.

शंभरनंबरी
आता मूळ प्रश्न, निवडायचं कसं. पिशवीची पुढची बाजू जाहिरात असते. मागची वाचा.

पहिलं, कुठेतरी 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आणि कुठल्या वयासाठी ते लिहिलेलं असतं. अमेरिकेत आफ्को आणि युरोपात फेडियाफ या संस्थांच्या मापांवर ते ठरतं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं, जेवण नव्हे. बरीच महागडी दिसणारी ओली पाकिटं याच दुसऱ्या गटातली असतात.

दुसरं, 'स्मॉल ब्रीड'. आफ्कोच्या मापांत पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांचा आणि वाढीच्या वयाचा, असे दोनच तक्ते आहेत. लहान जातींसाठी वेगळा नाही. पण दाणा बारीक आणि कॅलरी जरा दाट, हे दोन फायदे खरे असतात. ३ किलोच्या जबड्यात लॅब्रॅडॉरचा दाणा म्हणजे आपण सुपारी अख्खी फोडण्यासारखं.

तिसरं, ओल्या आणि सुक्याची तुलना करताना पाणी वजा करा. ओल्या डब्यावर ८ टक्के प्रथिनं बघून लोक नाक मुरडतात. त्यात ७८ टक्के पाणी असतं. उरलेल्या २२ मधले ८ म्हणजे ३६ टक्के. सुक्यात २४ टक्के आणि पाणी १०, म्हणजे जेमतेम २७. आफ्कोचं पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी किमान माप १८ आहे, तेव्हा दोन्ही पास.

'ग्रेन-फ्री'च्या मागे लागू नका. अशा काही फूडचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध असू शकतो का, याचा तपास अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) २०१८ मध्ये जाहीर केला. ठोस कारण सिद्ध झालं नाही. पण धान्याची ॲलर्जी नसताना ते टाळण्यात फायदा काय, हेही कुणी दाखवलेलं नाही.

रानवारा
एवढं वाचून पिशवी विकत घ्यायला गेले तर दुकानदार मला परीक्षक समजेल.

घारी
मी एक वेगळं सांगते, जरा लांबेल.

आमची यॉर्कशायर टेरियर, सव्वादोन किलो. लहानपणापासून 'नखरेल'. आम्ही हसायचो. वाढ कमी, तेही 'नाजूक जात' म्हणून सोडून दिलं. मग माझ्या बहिणीच्या लक्षात आलं की ती जेवत नाही असं नाही, जेवली की तासाभराने विचित्र होते. भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची. आम्हाला वाटायचं रुसली. जेवणाआधी आणि नंतर असं दोनदा रक्त तपासलं, पित्ताम्लं भयंकर वाढलेली. यकृताला बगल देणारी एक जास्तीची रक्तवाहिनी होती, जन्मापासून. आतड्यातलं रक्त गाळलं न जाताच पुढे जायचं. बिचारी जेवण टाळायची, कारण जेवलं की तिला त्रास व्हायचा. ऑपरेशन झालं, आता साडेतीन किलोची गुंडी आहे.

प्रत्येक नखरेल कुत्रा आजारी असतो असं नाही म्हणत. पण 'नखरे' हा शब्द आम्ही दोन वर्षं वापरला, आणि दोन वर्षं काही तपासलं नाही.

पावसाळी
भिंतीला डोकं... वाचून काटा आला.

शेपूटवैद्य
घारी, हे लिहिलंत बरं केलंत. यॉर्की, माल्टीज यांच्यात हे जास्त दिसतं.

खिडकीतली, टिल्लूच्या बाबतीत मला वेगळी शंका आहे. तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच एक ओळ होती, सगळे पिशव्यांकडे बघत राहिले. दाणा तोंडात धरतो, नेतो, टाकतो, परत उचलतो. भूक नसलेला कुत्रा सहसा दाणा उचलत नाही. आणि जे मऊ ते सगळं खातो. कुठल्या बाजूने चावतो, बघितलंय? तोंडाला वास येतो?

कुत्र्याला ४२ दात असतात, लॅब्रॅडॉरलाही आणि टिल्लूलाही. जबडा मात्र काड्यापेटीएवढा. दाटीवाटीत अन्न अडकतं, किटण जमतं. आणि तो खूर. अंगठ्याचं नख दाबून बघा, ठसा उमटत नसेल तर तो दातांसाठी फार कडक आहे. अशा वस्तूंनी वरची मोठी दाढ उभी चिरते.

खिडकीतली
नख दाबलं. माझं नख वाकलं.

खूर कचऱ्यात गेला. चीज, बिस्किट, कांडी बंद. बाबांशी तह झाला, अंडं राहील पण पाव. आठवडाभर बघते.

भुभुवेडा
मीही वर खूर सुचवला होता. आजचा दिवस माझा नाही.

निवांत
भुभुवेडा, मी सूपचा क्यूब, तुम्ही खूर. या, शेजारी बसा.

टिंबटिंब
एक छोटा प्रश्न. पीनट बटर चालतं का? पिल्लूला आवडतंय.

शंभरनंबरी
मागची यादी वाचून. झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीला घालतात ते) नसलं पाहिजे, त्याला 'बर्च शुगर'ही म्हणतात. माणसाला निरुपद्रवी, कुत्र्यात इन्सुलिन उसळतं आणि साखर धाडकन खाली येते. तुमच्या पिल्लूला तर नकोच. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट घरात असतील तर उंचावर. आणि स्निग्ध पदार्थ एकूण जपून, लहान जातींत स्वादुपिंडाची सूज सहज येते. मिनिएचर श्नाउझर त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

मी_चकोर
आमचा सकाळी उपाशीपोटी पिवळा फेस काढायचा. रात्री झोपताना जेवणातलाच एक घास राखून द्यायला लागलो, थांबलं. सहज आठवलं म्हणून.

खिडकीतली
आठ दिवसांचा रिपोर्ट. खाऊ बंद केल्यावर पहिले दोन दिवस सत्याग्रह. तिसऱ्या दिवशी वाडग्यातले ४० ग्रॅम खाल्ले, घरात टाळ्या. पण दाणे अजून सांडतात. मी जमिनीवर आडवी होऊन मोबाइलने शूटिंग केलं. मान डावीकडे झुकवतो आणि फक्त डाव्या बाजूने चावतो. उजवीकडे दाणा गेला की जिभेने बाहेर. तीन वर्षं रोज बघतेय मी त्याला, आणि हे कधी दिसलं नाही.

उद्याची वेळ घेतलीय.

घारी
काय झालं ते नक्की कळव गं.

भुभुवेडा
तीन आठवडे झाले. धागा वर काढतोय. टिल्लू कसा आहे?

खिडकीतली
उशीर झाला, माफ करा. उजवीकडची वरची मोठी दाढ चिरली होती, एक कपचा हिरडीला लोंबत होता. एक्स-रेमध्ये मुळापाशी पू. डॉक्टर म्हणाले हे दुखणं निदान दोन-तीन महिन्यांचं. भूल देऊन दाढ काढली, बाकीचे दात हिरडीखालपर्यंत साफ केले. दहा दिवस सगळं मऊ. ओलं 'कम्प्लीट' फूड, वर दोन चमचे कोमट पाणी. आपण दुधाची बाटली मनगटावर तपासतो तेवढंच कोमट. डॉक्टर म्हणाले कुत्र्याच्या जिभेला चव आपल्यापेक्षा खूप कमी कळते, जेवणाचा निर्णय जास्त करून नाक घेतं, आणि थंड जेवणाला वास कमी असतो.

आता जखम भरलीय. सकाळी ओलं, संध्याकाळी सुकं, दोन्हीच्या कॅलरी मिळून २५०. हळूहळू बदललं, आठवडा लावला. आणि सुकं कुठलं चालू आहे सांगू? पाच महिन्यांपूर्वीचं पहिलं. तीच कंपनी, तोच बारीक दाणा. पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवलं की दोन मिनिटांत फस्त.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे बिचारा इतके दिवस सांगत होता की दात दुखतोय, आणि आपण मेनू बदलत होतो. मी पहिल्या प्रतिसादातलं अभिनंदन मागे घेतो. त्याच्या नावाने एक सॉरी कळवा.

खिडकीतली
कळवलं. कान हलवला फक्त. खरं तर दोन्ही होतं हो. दाढही होती आणि चीजही. चिरलेल्या दाढेने दाणे नको झाले, आणि नको म्हटलं की चीज मिळतं हे त्याने बरोबर टिपलं. परवा फ्रिजचं दार उघडलं तर अजून पळत येतो. मी कागदाकडे बोट दाखवते.

पावसाळी
आणि बाबा?

खिडकीतली
बाबा पाव अंडं देतात. काल वजन केलं तर ३.३ भरलं. कागदावर सगळं नियमात आहे. बाबांची बशी हल्ली फार लवकर रिकामी होते, एवढंच.

आकडेमोड
बशीसकट अंडं वजनकाट्यावर ठेवा.

रानवारा
सगळं ठीक, पण त्या उरलेल्या चार पिशव्यांचं काय केलंत?

खिडकीतली
दोन मुदतीत होत्या, जवळपास भरलेल्या, बेवारस कुत्र्यांसाठी काम करणाऱ्यांना दिल्या. दोन अर्ध्यामुर्ध्या होत्या, त्या शेजारच्या लॅब्रॅडॉरकडे गेल्या.

भुभुवेडा
त्याने पिशवी परत केली का? माझ्याने नसती केली.